पाळक ओबर्लिन आणि डोंगरांतील लेकरें

लहान मुलांची जोपासना हें काम पुष्कळांना हलकें वाटतें. ज्याच्या हातून आतां शेतकाम होत नाहीं अशा म्हाताऱ्याकडे, किंवा जिला अजून दुसरें काम येत नाहीं अशा पोरीकडे लेकरूं सोंपवावें आणि आईबापांनीं रानांत जावें, अशी चाल आपल्या खेड्यापाड्यांत आहे, आणि इतर देशांच्या खेड्यांतही ती होती. लेकराला दोन वेळां खावयास मिळालें आणि तें विहिरींत पडलें नाहीं, म्हणजे त्याची जोपासना झाली, असें लोक समजतात. हा समज किती अपुरा आहे हें ज्यांनीं आपल्या कृतीनें दाखविलें, त्यांत फ्रान्स देशांतील एका डोंगरी खेड्याचे पाळक योहान फ्रेडरिक ओबर्लिन यांचें नांव आरंभीं घ्यावें लागतें. त्यांना देवाज्ञा होऊन आज सुमारें दोनशें वर्षें होत आलीं. त्यांची मंडळी गरीब, त्यांचीं गांवें आडवळणाचीं, आणि त्यांच्या हातीं असलेलीं साधनें थोडीं होतीं. म्हणूनच त्यांच्या चरित्रांत खेड्यांतील मंडळ्यांना व उपदेशक बंधूंना घेण्यासारखें पुष्कळ आहे.

जन्म व बाळपण

ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं स्ट्रासबुर्ग शहरांत झाला. हें शहर आल्सास प्रांतांत आहे. तेथील लोकांची भाषा जर्मन, पण त्या काळीं राज्य फ्रान्सच्या राजाचें होतें. ओबर्लिन यांचे वडील तेथील प्रॉटेस्टंट विद्यालयांत शिक्षक होते. पगार बेताचा आणि कुटुंब मोठें, तरी घरांत कुरकुर नसे. सुटीच्या दिवशीं वडील मुलांना घेऊन शहराबाहेरील आपल्या वाडीवर जात, गळ्यांत ढोल अडकवीत, आणि मुलांना शिपायांसारखें रांगेंत उभें करून त्यांच्याकडून कवाईत करवून घेत. संध्याकाळीं आई सर्वांना भोंवतीं बसवून कांहीं वाचून दाखवी, आणि निजण्यापूर्वीं सगळे मिळून गीत गात. शिकलेल्या बापानें आपल्या लहान मुलांबरोबर खेळावें, ही गोष्ट त्या काळीं घरोघर दिसणारी नव्हती. ओबर्लिन यांनीं पुढें परक्यांच्या लेकरांसाठीं जें केलें, त्याचें बीं ह्याच घरांत पडलें.

वडील दर शनिवारीं मुलांना एखाददुसरें नाणें खाऊसाठीं देत. ओबर्लिन तें एका डबींत सांठवून ठेवीत. एके दिवशीं बाजारांत कांहीं द्वाड पोरांनीं एका शेतकरणीची अंड्यांची पाटी पाडली आणि ती बिचारी रडत बसली. लहानग्या ओबर्लिननें त्या पोरांना खडसावलें, घरीं धांव घेतली, आणि डबीतले सगळे पैसे आणून तिच्या हातावर ओतले, अशी गोष्ट सांगतात. आईबापांनीं त्याबद्दल त्याला रागें भरलें नाहीं.

पुढें स्ट्रासबुर्गच्या विश्वविद्यालयांत त्यांनीं ईश्वरविद्येचा अभ्यास केला. मग एका शस्त्रवैद्याच्या घरीं मुलांचे शिक्षक म्हणून ते राहिले, आणि तेथें त्यांना औषधोपचाराचें बरेंच ज्ञान मिळालें. तें ज्ञान पुढें त्यांना फार उपयोगी पडलें, कारण ज्या ठिकाणीं त्यांचें आयुष्य गेलें तेथें दुसरा वैद्य नव्हता.

दगडांचें खोरें

फ्रान्सच्या पूर्वभागीं व्होज नांवाचा डोंगर आहे. त्याच्या एका खोऱ्याला फ्रेंचांत बान द ला रोश व जर्मनांत श्टाइनटाल म्हणत. श्टाइनटाल म्हणजे दगडांचें खोरें. आणि नांवाप्रमाणेंच तें होतें. हिवाळा लांब, जमीन खडकाळ, आणि सतराव्या शतकांतील तीस वर्षांच्या युद्धानें गांवें उजाड झालेलीं. वाल्डेर्सबाख, फूदे, बेलमोन, बेलफोस व सोल्बाख ह्या गांवांची मिळून एक मंडळी होती. रस्ता असा नव्हताच. पाऊस किंवा बर्फ पडलें कीं बाहेरच्या जगाशीं संबंध तुटे. बटाट्याचें बियाणें निकस झालें होतें, आणि टंचाईच्या सालीं लोक रानटी फळांवर दिवस काढीत. त्यांची बोली अशी होती कीं ती ना धड फ्रेंच बोलणाऱ्यास कळे, ना जर्मन बोलणाऱ्यास.

ओबर्लिन यांच्या आधीं तेथें श्टूबर नांवाचे सज्जन पाळक होते. ते प्रथम तेथें आले तेव्हां त्यांनीं शाळा पाहण्याची इच्छा दर्शविली. लोकांनीं त्यांना एका झोंपडीकडे नेलें. आंत पुष्कळ मुलें गोंधळ करीत होतीं, आणि कोपऱ्यांत एक थकलेला म्हातारा बिछान्यावर पडून होता. तोच मास्तर. तो काय शिकवितो असें पाळकांनीं विचारलें, तर तो कांहींच शिकवीत नव्हता, कारण त्याला स्वतःलाच कांहीं येत नव्हतें. मग ह्या जागीं त्याला कां नेमलें? तर तो पूर्वीं गांवचीं डुकरें राखीत असे. वयामुळें तें काम होईना, तेव्हां गांवानें त्याला मुलें राखावयास बसविलें. ही हकीकत त्या खोऱ्याच्या चरित्रांत नेहमीं सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहे. म्हाताऱ्याचा त्यांत दोष नव्हता. डुकरें राखण्यास धडधाकट मनुष्य लागतो, पण मुलें राखण्यास कोणीही चालतो, असा त्या गांवाचा हिशेब होता.

श्टूबर यांनीं वाचन शिकविण्याची सोपी रीत बसविली, पुस्तकें आणविलीं, आणि चांगले तरुण शाळेसाठीं निवडले. मास्तर ह्या नांवाची लोकांना लाज वाटे, म्हणून त्यांनीं शिक्षकांना अधिक मानाची पदवी दिली. तेव्हां कुठें चांगल्या घरचे लोक आपल्या मुलांना त्या कामावर पाठवूं लागले. पुढें त्यांची स्ट्रासबुर्गला नेमणूक झाली, आणि आपल्या जागीं कोण येईल ह्याची काळजी त्यांना लागली. कोणीतरी ओबर्लिन यांचें नांव सुचविलें. श्टूबर त्यांच्या बिऱ्हाडीं गेले, तों एका लहानशा माळ्यावर हा तरुण दांतदुखीनें तळमळत पडलेला. पलंगाला कागदाचा पडदा, आणि दिव्यावर टांगलेल्या भांड्यांत भाकरीचें पाणी शिजत होतें. इतक्या थोडक्यांत राहणारा मनुष्यच आपल्या खोऱ्यांत टिकेल, असें श्टूबर यांस वाटलें. ओबर्लिन ह्यांना तेव्हां एका पलटणीचे पाळक होण्याची चांगली संधि आली होती. ती सोडून १७६७ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, ते वाल्डेर्सबाखला आले. पुढील वर्षीं त्यांनीं सालोमे विट्टर नांवाच्या सुशिक्षित व कर्तबगार मुलीशीं विवाह केला.

कुदळ हातीं घेतलेला पाळक

आरंभीं लोकांनीं त्यांना विरोध केला. नवा पाळक आपल्या जुन्या चाली मोडणार, असें कांहींजणांस वाटलें. एका रविवारीं उपासनेनंतर वाटेंत गांठून त्यांना चोप द्यावा असा बेत ठरला. ओबर्लिन ह्यांना त्याचा सुगावा लागला. उपासना आटोपल्यावर ते स्वतःच त्या मंडळींच्या बैठकींत गेले, आणि वाटेवर दडून बसण्याचें पाप तुम्हांस लागूं नये म्हणून मी आपण होऊन आलों आहें, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. ते लोक वरमले, आणि पुढें त्यांतलेच कांहीं त्यांचे साह्यकर्ते झाले, असें सांगतात.

ओबर्लिन यांनीं पाहिलें कीं जेथें पोट रिकामें आहे तेथें नुसता उपदेश पुरा पडत नाहीं. खोऱ्यांतला माल बाहेर जावा म्हणून रस्ता पाहिजे होता. त्यांनीं लोकांना बोलावून खडक फोडण्याची, ओढ्यांना बांध घालण्याची आणि ब्रूश नदीवर पूल बांधण्याची गोष्ट काढली. हें होणें नाहीं म्हणून सगळे हंसले. तेव्हां पाळकांनीं कुदळ खांद्यावर टाकिली आणि एका सोबत्याला घेऊन काम सुरू केलें. एकेक मनुष्य येत गेला, रस्ता झाला, आणि पूलही झाला. मग त्यांनीं शेतीचीं अवजारें आणवून उसनवारीनें दिलीं, बटाट्याचें नवें बियाणें मिळविलें, आणि हुशार मुलांना गवंडीकाम, लोहारकाम, सुतारकाम शिकण्यास स्ट्रासबुर्गला धाडलें. फळझाडें लावा म्हणून ते सांगत बसले नाहींत. ज्या वाटेनें लोक नित्य जात त्या वाटेच्या कडेला आपल्या बागेंत त्यांनीं झाडें लाविलीं. झाडें फळांस आलेलीं पाहून लोकच कलमें मागावयास आले.

विणकामाची खोली

आतां ज्या कामामुळें त्यांचें नांव जगांत राहिलें त्याकडे वळूं. पांचही गांवांत हळूहळू चांगल्या शाळा झाल्या आणि मोठीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं. पण त्यामुळें एक नवीन अडचण उभी राहिली. पूर्वीं हीं मोठीं भावंडें धाकट्यांना संभाळीत. आतां तीं शाळेंत, आईबाप शेतांत किंवा रानांत, आणि तीन-चार वर्षांचीं लेकरें घरांत कोंडलेलीं किंवा रस्त्यावर मोकळीं. शाळेंत येण्याच्या वयाचीं होईपर्यंत त्यांना शिव्या, खोटें बोलणें व आळस ह्यांची संवय लागे, आणि मग मास्तरांचा अर्धा वेळ ती मोडण्यांत जाई.

बेलमोन गांवीं सारा बान्झेत नांवाची शेतकऱ्याची मुलगी होती. तिला विणकाम येत असे, आणि त्या खोऱ्यांत तें फारसें कोणास येत नव्हतें. तिनें आपण होऊन शेजारपाजारचीं मुलें जवळ बसवून त्यांना विणावयास शिकविण्यास आरंभ केला. मुलें भोंवतीं बसत, सुया चालत, आणि सारा त्यांच्याशीं बोलत असे. तिच्या बापाला हें रुचलें नाहीं. घरचें काम टाकून लोकांच्या पोरांत बसणें म्हणजे वेळ फुकट घालविणें, असें त्याला वाटे. गरीबाच्या घरीं तरण्या मुलीचे हात म्हणजे भाकरी. तेव्हां त्याचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. ओबर्लिन ह्यांना हें कळलें तेव्हां त्यांनीं बापाला नुसता बोध केला नाहीं. १७६९ सालीं साराला ठराविक वेतन देऊन त्यांनीं ह्याच कामावर नेमलें. म्हणजे लेकरें संभाळणें ही फावल्या वेळची दया न राहतां एक मानाचें व मोलाचें काम ठरलें.

अशा रीतीनें विणकामाच्या खोल्या सुरू झाल्या. प्रत्येक ठिकाणीं एक प्रशस्त खोली भाड्यानें घेतली जाई, आणि हिवाळ्यांत ती शेगडीनें ऊब देऊन ठेवीत. भाड्याचा व वेतनाचा भार बहुतेक ओबर्लिन स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतींतून सोशीत आणि उरलेला स्ट्रासबुर्ग येथील मित्र उचलीत. मुलें संभाळणाऱ्या स्त्रियांना त्यांनीं जें नांव दिलें त्याचा अर्थ कोंवळ्या बाळांच्या मार्गदर्शक असा होतो. त्यांची निवड ओबर्लिन व त्यांच्या पत्नी सालोमेबाई विचारपूर्वक करीत. सालोमेबाई त्यांना पाळकाच्या घरीं बोलावून शिकवीत व त्यांच्या कामावर नजर ठेवीत. एका खोलींत दोन स्त्रिया असत. एक हातकाम शिकवी, आणि दुसरी गोष्टी, गाणीं व इतर ज्ञान देई.

त्या खोल्यांत दिवस कसा जाई हें पाहण्यासारखें आहे. दोन-तीन वर्षांचीं अगदीं लहान बाळें जवळच बसून खेळत, आणि मधून मधून थोडा वेळ शांत बसण्यास शिकत. पांच-सहा वर्षांचीं विणणें, शिवणें, सूत काढणें शिकत. हात थकले कीं चित्रें पुढें येत. कांहीं चित्रें पवित्र शास्त्रांतील गोष्टींचीं असत, तर कांहीं प्राण्यांचीं व वनस्पतींचीं. चित्रांतील वस्तूचें नांव प्रथम मुलांच्या घरच्या बोलींत सांगत आणि मग शुद्ध फ्रेंचांत. घरची बोली हंसण्याजोगी न मानतां तिच्या पायरीवरून मूल दुसऱ्या भाषेंत चढे. मुलांना आपल्याच गांवाचे व खोऱ्याचे साधे नकाशे दाखवीत, म्हणजे आपलें घर कोठें, ओढा कोणत्या बाजूला, देऊळ कोठें, हें त्यांना ओळखतां येई. उन्हाळ्यांत बाया मुलांना घेऊन रानांत जात. मुलें फुलें व पानें गोळा करीत, त्यांचीं नांवें शिकत, आणि कोणती वनस्पति विषारी हें ओळखूं लागत. ज्या देशांत भुकेनें पोरें भलतीं फळें खात, तेथें हें ज्ञान प्राणरक्षणाचें होतें.

मारहाण करून शिकविणें ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. ओबर्लिन ह्यांच्या खोल्यांत मायेच्या शब्दानें काम चाले. हात-तोंड स्वच्छ ठेवणें, खरें बोलणें, मोठ्यांना नमस्कार करणें, वस्तु वायां न घालविणें, दुसऱ्या मुलाला साह्य करणें, ह्या संवया रोजच्या वागण्यांतूनच लावीत. मुलांच्या विणकामाचे कांहीं पैसे येत, आणि त्यामुळें प्रथम नाखूष असलेल्या आईबापांनाही मुलें धाडण्यांत नुकसान वाटेनासें झालें. आयांना निर्धास्तपणें शेतांत जातां येऊं लागलें. शाळेंतील शिक्षकांना आढळून आलें कीं ह्या खोल्यांतून आलेलें मूल ऐकावयास व बोलावयास शिकलेलें असतें.

सारा बान्झेत फार दिवस जगली नाहीं. १७७४ सालीं, तिशीही न गांठतां, ती वारली. पण तोंवर तिचें काम पाहून इतर स्त्रिया तयार झाल्या होत्या, आणि खोल्या बंद पडल्या नाहींत.

लुईझ शेप्लर

सारानंतर ज्या स्त्रीनें हें काम वाढविलें ती लुईझ शेप्लर. तिचा जन्म १७६३ सालीं बेलफोस गांवीं एका गरीब घरीं झाला. ती स्वतः ह्याच खोऱ्याच्या शाळेंत वाढली, आणि पंधरा-सोळा वर्षांची असतां ओबर्लिन यांच्या घरीं कामास राहिली. घरचें काम संभाळून ती गांवोगांवच्या मुलांच्या खोल्यांना जाई. हिवाळ्यांत गांवांमधल्या पाऊलवाटा बर्फाखालीं बुजून जात. तरी मुलें वाट पाहत असतील म्हणून ती तशींतून चालत जाई. ह्या श्रमांनीं तिची प्रकृति कांहीं काळ बिघडली, पण तिनें काम टाकलें नाहीं.

१७८३ च्या जानेवारींत सालोमेबाई एकाएकीं निवर्तल्या. त्यांना नऊ मुलें झालीं होतीं, पैकीं सात हयात होतीं, आणि सर्वांत धाकटें तर तान्हें होतें. ओबर्लिन ह्यांच्यावर डोंगर कोसळला. त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. त्या वेळीं लुईझ एकोणीस वर्षांची होती. आईवेगळ्या सात लेकरांचा संभाळ तिनें आपल्या अंगावर घेतला. तिला मागण्या आल्या, पण ती त्या घरांतून हलली नाहीं. १७९३ च्या नववर्षीं तिनें ओबर्लिन ह्यांना पत्र लिहून विनविलें कीं आपल्याला ह्यापुढें पगार देऊं नये, आणि घरच्या मुलीप्रमाणें मानावें. जी मुलगी चाकरीस आली ती त्या घरची लेक झाली. ज्यांनीं एका कामकरी मुलीच्या हातीं खोऱ्यांतील लेकरें विश्वासानें दिलीं, त्यांच्याच लेकरांना संकटसमयीं तिचा आधार झाला.

संकटाचे दिवस

१७८९ सालीं फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. पुढें १७९३-९४ च्या भयंकर काळांत सर्व उपासना बंद पडल्या, पाळकांचें वेतन थांबलें, आणि कित्येकांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. ओबर्लिन यांचा थोरला मुलगा सैन्यांत गेला होता. तो १७९३ सालीं लढाईंत मारला गेला. तशा दुःखांतही त्यांनीं आपल्या घराचें दार बंद केलें नाहीं. जीव वांचविण्यासाठीं पळून आलेल्या अनेकांना, त्यांचें मत कोणतेंही असो, त्यांनीं आसरा दिला. १७९४ च्या उन्हाळ्यांत त्यांनाही पकडून नेलें, पण लवकरच पॅरिस येथें सत्तापालट झाला आणि त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं राष्ट्रीय सभेनें त्यांच्या शिक्षणाच्या कामाची मानानें नोंद केली. ज्या सरकारनें देवळें बंद केलीं त्याच सरकारला ह्या देवळाच्या पाळकानें चालविलेल्या मुलांच्या खोल्या नांवाजण्यासारख्या वाटल्या, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

क्रांतीचें वादळ गेल्यावर बाझेल येथील लग्रां नांवाचे गृहस्थ, ओबर्लिन यांच्या कामानें ओढले जाऊन, फिती विणण्याचा आपला धंदा घेऊन फूदे गांवीं येऊन राहिले. त्यांनीं माग लोकांच्या घरोघर दिले, म्हणून आईबापांना मुलें टाकून गिरणींत जावें लागलें नाहीं. १८१६ व १८१७ सालीं युरोपांत मोठी नापिकी होऊन अन्नाचा दुष्काळ पडला. तेव्हां ज्या खोऱ्यांत पूर्वीं माणसें गवत शिजवून खात तेथें बटाट्याच्या पिकानें, मागाच्या मजुरीनें आणि एकमेकांच्या साह्यानें लोकांनीं दिवस काढिले. ह्याच १८१७ सालीं ओबर्लिन यांचा दुसरा कर्ता मुलगा हेन्री मरण पावला. म्हातारा पाळक पुन्हां आपल्या कामास लागला.

अखेर

१८१८ सालीं पॅरिसच्या शेतकी संस्थेनें ओबर्लिन यांना सोन्याचें पदक दिलें, आणि १८१९ सालीं फ्रान्सच्या राजानें मानाची पदवी दिली. त्यांच्या राहणींत ह्यानें कांहीं फरक पडला नाहीं. एकोणसाठ वर्षें एकाच मंडळीची सेवा करून १ जून १८२६ रोजीं ते प्रभूकडे गेले. त्यांचें प्रेत वाल्डेर्सबाखहून फूदे येथील स्मशानांत नेलें. मिरवणूक फार लांब होती. आणि शेजारच्या गांवांतील रोमन कॅथलिक स्त्रिया शोकवस्त्रें नेसून स्मशानाभोंवतीं गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या.

मृत्यूपूर्वीं त्यांनीं आपल्या मुलांना लिहून ठेविलें होतें कीं लुईझला बहीण मानावें. मुलांनीं तिला वडिलांच्या मिळकतींत बरोबरीचा वांटा देऊं केला, पण तिनें तो घेतला नाहीं. १८२९ सालीं फ्रेंच विद्वत्सभेनें सद्गुणांसाठीं ठेविलेलें बक्षीस, पांच हजार फ्रँक, लुईझबाईंना दिलें. सभेपुढें त्यांच्या कामाचें वर्णन प्रख्यात शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनीं केलें. एका डोंगरी खेड्यांतील मोलकरणीचें नांव त्या दिवशीं देशांतील मोठमोठ्या विद्वानांनीं उभ्या सभेंत ऐकलें. लुईझबाईंनीं ते पैसे आपल्यावर खर्चिले नाहींत. ते गोरगरीबांच्या उपयोगीं पडले. १८३७ सालीं त्या वारल्या.

वाल्डेर्सबाखचें बीं पुढें दूरवर रुजलें. ज्या सालीं ओबर्लिन वारले त्याच १८२६ सालीं पॅरिस शहरांत लहान मुलांसाठीं पहिली संभाळशाळा निघाली. इंग्लंड-स्कॉटलंडांत रॉबर्ट ओवेन यांची बालशाळा १८१६ सालीं, आणि जर्मनींत फ्रोबेल यांचें बालोद्यान १८३७ सालापासून. म्हणजे बेलमोनची खोली ह्या सर्वांच्या पुष्कळ वर्षें आधींची. अमेरिकेंत १८३३ सालीं ओहायो प्रांतांत वसविलेल्या एका गांवाला व तेथील विद्यालयाला ओबर्लिन यांचें नांव दिलें. त्या विद्यालयानें १८३५ सालीं काळ्या वर्णाच्या विद्यार्थ्यांना आणि १८३७ सालीं स्त्रियांना उच्च शिक्षणाचीं दारें उघडलीं. वाल्डेर्सबाख येथें पाळकाच्या जुन्या घरीं आज संग्रहालय आहे, आणि ओबर्लिन यांनीं शिकविण्यासाठीं गोळा केलेल्या वस्तु तेथें पाहावयास मिळतात.

ह्या चरित्रापासून घेण्याचा बोध

वाचकहो, ओबर्लिन यांच्या काळीं मेंदूचें शास्त्र नव्हतें. आज वैद्य सांगतात कीं मनुष्याच्या मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या पांच-सहा वर्षांतच होते. त्या वर्षांत लेकराशीं कोणी किती बोललें, त्याला पोटभर व सकस अन्न मिळालें कीं नाहीं, तें भीतींत वाढलें कीं मायेंत, ह्यावर त्याचें पुढील शिकणें फार अवलंबून असतें. ओबर्लिन ह्यांनीं हें पुस्तकांतून जाणलें नाहीं. शाळेंत येणाऱ्या मुलांकडे नीट पाहून त्यांना कळलें कीं काम सहाव्या वर्षीं सुरू केलें तर उशीर झालेला असतो.

आपल्या महाराष्ट्रांतही हा विचार नवा नाहीं. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या असतां त्यांनीं तेथें बालोद्यानाच्या पद्धतीचा अभ्यास केला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि जीं मुलें शाळेपर्यंत येत नाहींत त्यांच्या अंगणांत शाळा नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना चालू झाली, आणि आज बहुतेक गांवांत अंगणवाडी आहे. म्हणून आपल्यापुढें प्रश्न खोली आहे कीं नाहीं एवढाच नाहीं. त्या खोलींत काय चालतें, हा आहे.

ओबर्लिन ह्यांनीं चार गोष्टी संभाळल्या. लेकरें ज्यांच्या हातीं द्यावयाचीं त्यांना पारखून निवडलें, त्यांना शिकविलें, त्यांना वेतन व मान दिला, आणि खोली उबदार, स्वच्छ व आनंदाची ठेविली. ह्यांतील एकही गोष्ट श्रीमंतांनाच साधणारी नाहीं. अंगणवाडीच्या सेविकेला व मदतनीस बाईला गांवानें कसें वागवावें, हें ह्यावरून समजेल. ज्या खोलीचें छप्पर गळतें तें नीट करण्यास मंडळीच्या चार बंधूंनीं एक दिवस द्यावा. ज्या बहिणींना गोष्टी व गाणीं येतात त्यांनीं आठवड्यांतून एक दुपार तेथें मुलांत बसावें, मग तीं मुलें कोणत्याही जातीचीं व धर्माचीं असोत. बापानें संध्याकाळीं घटकाभर लेकराला मांडीवर घेऊन त्याच्याशीं घरच्या बोलींत बोलावें. आणि उपदेशक बंधूंनीं घरभेटीस गेल्यावर वडील माणसांची विचारपूस करण्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा: आईबाप रानांत असतांना ह्या घरचें लहान मूल दिवसभर कोणाजवळ असतें?